शंभर पावलं

"तुमचं ज्यांच्याशी सगळ्यात कमी पटलं, ते आत्ता इथे बसले असते तर तुमच्याबद्दल काय बोलले असते?"

चाकणमधल्या एका कारखान्यातली मुलाखत होती, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय आणि कसं तपासायचं याचा आराखडा, कसा करता, सीपीके, म्हणजे मापं मुभेत किती नीट बसतात तो आकडा, 1.33 च्या खाली गेला तर काय करता, कस्टमरची तक्रार आली की एट-डी, म्हणजे आठ पायऱ्यांचा अहवाल, कसा भरता, सगळी उत्तरं तयार होती. 'तुमची बलस्थानं', 'तुमच्या उणिवा', 'पाच वर्षांनी कुठे असाल' हे तर मी वहीत लिहून पाठ केलं होतं. एचआरच्या मॅडम मान डोलवत होत्या. त्यांच्या शेजारी प्रॉडक्शनचे एक वयस्कर साहेब बसले होते. अर्धा तास ते एक अक्षर बोलले नव्हते. हा प्रश्न त्यांनी विचारला, तोही मराठीत.

मी म्हणाले, "माझं सगळ्यांशीच चांगलं जमतं, सर."

त्यांनी दोन-तीन सेकंद माझ्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं. पुढे पगाराबद्दल, नोटीस पिरियडबद्दल दोन प्रश्न झाले, पण मुलाखत त्या टोपणाबरोबरच संपली होती आणि ते मला तिथेच कळलं होतं. त्या कंपनीकडून पुन्हा फोन आला नाही.

परत येताना तळेगाव चौकात नेहमीसारखी वाहनं तुंबलेली. बस तासाभरात मोशीलाही पोचली नाही. खिडकीशी बसून मी त्या साहेबांवर मनातल्या मनात चिडत होते. असला कसला प्रश्न? याचा कामाशी काय संबंध? आणि चिडत असतानाच डोळ्यांसमोर एक चेहरा स्पष्ट उभा राहिला. खरं तर तो प्रश्न विचारला त्याच क्षणी उभा राहिला होता. मी त्याला बाजूला सारून "सगळ्यांशीच जमतं" म्हणाले होते.

तो चेहरा आमच्या भोसरीच्या कारखान्यातल्या बी शिफ्टच्या सुपरवायझरांचा. लाइनवर सगळे त्यांना काका म्हणायचे. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

झालं होतं असं. आमच्याकडे एका स्टीलच्या भागाचा 50 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, व्हायचा. ड्रॉइंगवर मुभा 25 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे माप नेमकं 50 किंवा त्याच्यावर 25 मायक्रॉनपर्यंत. 50 च्या खाली एक मायक्रॉनही चालणार नाही. एप्रिलमधली दुपार. गेज रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, एसीच्या 20 अंशांत मी आदल्या संध्याकाळचे तुकडे तपासत होते. बोअर चार-पाच मायक्रॉननी लहान भरत होता. एक नाही, दोन नाही, अख्खी बॅच. मी नापासाचे लाल टॅग लावले, तुकडे लाल बिनमध्ये टाकायला लावले आणि जागेवरूनच मेल टाकला. प्लँट हेडना, प्रॉडक्शन मॅनेजरना, सीसीमध्ये आणखी चौघांना. 'मशीनवर तपासणी नीट होत नाही' असं एक वाक्य मी त्यात लिहिलं होतं. ते वाक्य अजून मला शब्दन् शब्द आठवतं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये काकांना सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. ते एवढंच म्हणाले, "मी प्रत्येक पाचवा तुकडा स्वतः मोजला आहे." कुणी ऐकून घेतलं नाही. त्या महिन्याचा लाइनचा इन्सेंटिव्ह गेला. दुसऱ्या दिवसापासून काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी लाइनवर गेले की ऑपरेटरही मशीनकडे तोंड करून उभे राहायचे. मला ते असह्य झालं, म्हणून मी दुसरी नोकरी शोधायला लागले, आणि म्हणून त्या दिवशी मी चाकणला होते. मुलाखतीत 'नोकरी का सोडताय' याचं उत्तर मी दिलं होतं: 'ग्रोथसाठी.'

बसमध्ये मी तो प्रश्न पुन्हा स्वतःला विचारला, या वेळी उत्तर देण्यासाठी. काका त्या खुर्चीवर असते तर काय म्हणाले असते? फार शोधावं लागलं नाही. ते म्हणाले असते, "मॅडम हुशार आहेत. पण गेज रूमपासून माझ्या मशीनपर्यंत शंभर पावलं आहेत. ती चालून आल्या असत्या तर बरं झालं असतं."

आणि मग दुसरी गोष्ट सुचली, जी मला इंजिनिअर म्हणून महिनाभर आधी सुचायला हवी होती. काका खोटं बोलत नसतील तर? त्यांनी खरंच मोजले असतील आणि खरंच बरोबर आले असतील तर?

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. बी शिफ्ट नुकतीच चढली होती. काकांच्या फळीवर बोअर मोजायचा डायल गेज होता, शेजारी तो जुळवून घ्यायची नेमक्या मापाची मास्टर रिंग. तुकडा मशीनमधून निघाला की कटिंगची ऊब घेऊनच निघतो, हाताला लागतो इतका. काका तो तसाच मोजत. रिंग मात्र कारखान्यातल्या हवेइतकीच गरम. दोघांत दहा अंशांचा फरक सहज. स्टील एका अंशाला, एका मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 50 मिलिमीटरला आणि दहा अंशांना तो हिशेब पावणेसहा मायक्रॉनवर जातो. म्हणजे काकांना जो बोअर एक-दीड मायक्रॉननी मुभेच्या आत दिसत होता, तोच माझ्या खोलीत थंड झाल्यावर चार-साडेचार मायक्रॉननी मुभेच्या बाहेर. त्यात इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जाईल तसा बोअर बारीक होत जातो, त्यामुळे दिवसभरात माप खालच्या टोकाला सरकलेलंच होतं. दोघांनीही नीट मोजलं होतं. मापाचं जागतिक ठरलेलं तापमान 20 अंश आहे, 1931 सालापासून. ते माझ्या एसी खोलीतल्या तुकड्याला लागू होतं. काकांना ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या मशीनजवळ एसी नव्हता.

शिवाय बोअर लहान होता, मोठा नव्हता. मोठा झाला की तुकडा भंगारात जातो. लहान असेल तर होनिंग करून, म्हणजे आतून हलकं घासून, वाचवता येतो. मी होल्डचा, म्हणजे निर्णय होईपर्यंत थांबवून ठेवायचा, पिवळा टॅग लावायला हवा होता. मी लाल लावला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हेच त्या दिवशी खाली येऊन बोलला असतात, तर?"

तुकडा मास्टरच्या शेजारी वीस मिनिटं ठेवून मगच मोजायचा, अशी एक ओळ आम्ही दोघांनी मिळून त्या लाइनच्या कंट्रोल प्लॅनमध्ये टाकली. मी सगळ्यांना दुसरा मेल पाठवला, पहिल्यात जेवढी नावं होती तेवढ्या सगळ्यांना, आणि त्यात 'मशीनवर तपासणी नीट होत नाही हे माझं विधान चुकीचं होतं' असं लिहिलं. इन्सेंटिव्ह परत मिळाला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. काका बोलायला मात्र लागले.

हे सगळं एवढ्या तपशिलाने सांगते आहे, कारण मुलाखतीतल्या अशा प्रश्नांवर इंटरनेटवर भरपूर सल्ला मिळतो आणि त्यातला बराचसा सल्ला लपवण्याचा असतो. कुणाबद्दल नकारात्मक बोलू नका. मतभेद होता म्हणा, भांडण म्हणू नका. शेवट गोड करा. आपल्याला तर हा सल्ला वेगळा द्यावाही लागत नाही, तो घरातूनच मिळालेला असतो. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. साताऱ्याहून पुण्याला पहिल्या नोकरीसाठी निघाले तेव्हा आईने डब्याबरोबर हेच बांधून दिलं होतं: "कुणाबद्दल वाईट सांगू नकोस हं कुठे." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चारचौघांत माणसाची लाज राखावी हे तिने शिकवलं आणि ते मी त्या मेलच्या वेळी पाळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्या प्रॉडक्शनच्या साहेबांना काकांची निंदा ऐकायची नव्हती. काकांच्या जागी उभं राहून मला स्वतःकडे बघता येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. "सगळ्यांशी जमतं" म्हणताना मी काकांचं नाव राखलं नाही, मी स्वतःला राखलं.

माझा मामेभाऊ सैन्यात जाण्यासाठी भोपाळला एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, गेला होता. पाच दिवसांच्या त्या निवडीत 15 मिनिटांचा एक कागद असतो. आईवडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे, शिक्षकांचं काय, मित्रांचं काय आणि तुमचं स्वतःचं काय, हे लिहायचं. तो सांगायचा, 60 प्रसंगांवर 30 मिनिटांत प्रतिक्रिया लिहिणं त्याला जमलं, चित्रांवर गोष्टी लिहिणं जमलं, पण या कागदापाशी पेन थांबलं. आईवडिलांना आपल्याबद्दल काय वाटतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांदा जाण्याआधी तो गावी गेला आणि वडिलांसमोर बसून त्याने विचारलं. वडील दोन तास बोलले. निवड झाली की नाही हे इथे महत्त्वाचं नाही. त्या दोन तासांबद्दल तो अजून बोलतो.

या प्रश्नांची तयारी म्हणजे एवढंच असतं, असं मला वाटतं. मी आता मुलाखतीला जाण्याआधी उत्तरं लिहीत नाही, प्रसंग लिहिते. कुणाशी बिनसलं, कशावरून, मी नेमकं काय बोलले, समोरचा काय बोलला, नंतर काय बदललं. आणि सगळ्यात शेवटी, समोरच्याने हाच प्रसंग कसा सांगितला असता. चार-पाच प्रसंग खरेखुरे आठवले की प्रश्न कुठूनही आला तरी चालतो. 'साहेबांचा निर्णय पटला नाही तेव्हा काय केलंत', 'टीममधला एक माणूस काम टाळत असेल तर', 'तुमच्यापेक्षा लहान माणूस साहेब म्हणून आला तर', सगळे त्याच चार-पाच प्रसंगांच्या दारात येऊन उभे राहतात. आठवायला वेळ लागला तर "थोडा विचार करून सांगते" असं म्हणायचं आणि खरंच विचार करायचा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला फार मोठी वाटते; समोरच्याला ती वाटत नाही, हे मी आता समोरच्या खुर्चीवरून सांगू शकते.

पण सगळे अनपेक्षित प्रश्न असे नसतात.

चाकणनंतर दोन महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी मला विचारलं गेलं, "लग्नाचं काय ठरतंय?" आणि लगेच, "नाही, काय आहे ना, टीम विस्कटते मग." बोलणारे गृहस्थ हसत होते, आवाज घरच्यासारखा. ते वर्ष 2017, बाळंतपणाची भरपगारी रजा नुकतीच 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली होती आणि मुलाखतींमधून हा प्रश्न एकदम वाढल्याचं मैत्रिणीही सांगत होत्या. भरती करताना स्त्री म्हणून डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. ते मला तेव्हा माहीतही होतं. पण नोकरीची गरज असलेली मुलगी मुलाखतीत कायद्याचं कलम काढत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा घरभाड्याची तारीख जवळ आलेली असताना त्या खुर्चीवर बसून बघावं.

मी म्हणाले, "सर, शिफ्टच्या वेळा, प्रवास, कस्टमरकडे जाणं यातलं काही विचारायचं असेल तर विचारा, मी स्पष्ट सांगते." ते पुन्हा हसले आणि विषय सोडला. मग मी विचारलं, "या जागेवर माझ्या आधी कोण होतं, आणि ते का गेले?" हसू गेलं. "तसं काही नाही, चालूच असतं," असं काहीतरी ते म्हणाले. ती नोकरी मला देऊ केली होती. मी घेतली नाही, आणि तो निर्णय सोपा नव्हता. पुढचे तीन महिने मी भोसरीतच काढले.

मुलाखतीत विचारलेला प्रश्न त्या कंपनीबद्दलही बोलत असतो, हे मला त्या दिवशी उमगलं. "इथे लाइनवर सगळे पुरुष आहेत, तुम्हाला जमेल का?" असं कुणी विचारलं तर तिथे आधीच्या मुलीला जमू दिलं गेलं नव्हतं का, हे शोधायला हवं. "प्रेशर झेपतं का?" हा प्रश्न तीनदा आला तर तिथलं प्रेशर कामाचं नसून एखाद्या माणसाचं असू शकतं. "युनियनबद्दल काय मत आहे?" असं भोसरी-चाकण पट्ट्यात कुणी विचारलं तर पर्मनंट किती आणि कंत्राटी किती, हे आपण विचारावं. सरळ, नम्रपणे विचारावं. उत्तर न मिळणं हेही उत्तरच असतं.

नंतर मी टेबलाच्या पलीकडे गेले. आता वर्षातून दोनदा तरी डिप्लोमाच्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसते. त्यासाठी कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यात पहिल्यांदा कळलं की त्या साहेबांच्या प्रश्नामागे एक जुनी वाट आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी जॉन फ्लॅनागन नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. 'चांगला वैमानिक कसा असावा' असं विचारलं की लोक गोल-गोल बोलतात, पण 'अमक्या वेळी नेमकं काय झालं' असं विचारलं की उपयोगी माहिती हाती लागते, या विचारावर त्यांनी बसवलेली पद्धत 1954 साली लेखरूपात आली. 'एखादा प्रसंग सांगा' हे आजच्या मुलाखतीतलं वाक्य त्याच वळणाचं. आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच कसोट्यांवर गुण, अशी बांधीव मुलाखत गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीपेक्षा माणसाचं पुढचं काम अधिक बरोबर सांगते, हे श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं. 2022 मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले. आकडे उतरले, पण बांधीव मुलाखत सगळ्यात वर राहिली.

हे ऐकताना मला वडिलांची आठवण झाली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलाखत म्हणजे वशिला, हे त्यांच्या पिढीचं ठाम मत आणि त्याला कारणंही होती. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. मुलाखत घेताना मी ते विसरत नाही. पोराने कुठल्या गावचं नाव सांगितलं, कुणाची ओळख निघाली, याने माझा हात हलू नये म्हणून प्रश्नांचा कागद समोर ठेवते.

त्या कागदावर नसलेली एक गोष्ट मात्र मी करते. मुलगा लातूरचा असो, बीडचा असो, 'टीममधल्या कॉन्फ्लिक्टबद्दल सांगा' असं इंग्रजीत विचारलं की तो पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवतो. कम्युनिकेशन गॅप होता, मी पुढाकार घेतला, इश्यू रिझॉल्व्ह झाला. त्यात माणूसच नसतो. मी म्हणते, "मराठीत सांग. कुणाशी वाजलं होतं?" मग तो आधी बिचकतो, पॅनेलवरच्या बाकीच्यांकडे बघतो, आणि मग सुरू होतं. रूमवरच्या पाच जणांत गॅस कुणी भरायचा यावरून झालेलं. अप्रेंटिसशिपला असताना ऑपरेटरने चहा आणायला पाठवलं तेव्हा काय वाटलं ते. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझंच चुकलं होतं, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं," आणि पुढची पाच मिनिटं त्याने ज्या मित्राशी भांडण झालं त्या मित्राची बाजू मांडली. भांडण आपण ज्या भाषेत करतो त्याच भाषेत ते आठवतं. आपल्या कंपन्या माणसं निवडताना ही एवढी साधी सोय का करत नाहीत, हे मला खरंच समजत नाही. लाइनवर तर दिवसभर मराठी आणि हिंदीच चालतं.

गेल्या मुलाखतींमध्ये शेवटचा उमेदवार होता श्रीरामपूरकडचा. डिप्लोमा, दोन वर्षांचा अनुभव, शर्टाची इस्त्री घरी केलेली. मापांची उत्तरं बरी दिली. माणसांबद्दलच्या प्रश्नावर त्याने एक छोटासा प्रसंग सांगितला, साधा, खरा. शेवटी मी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुला काही विचारायचं आहे?"

बहुतेक जण नाही म्हणतात, किंवा पगार विचारतात. तो थोडा थांबला. मग म्हणाला, "मॅडम, मी ज्या लाइनवर येणार, तिथे क्वालिटीचं आणि प्रॉडक्शनचं पटतं का?"

एचआरचा मुलगा खुर्चीत सावरून बसला. मीही लगेच काही बोलले नाही. गेल्याच आठवड्यात त्या लाइनवरून लाल टॅगच्या दोन तक्रारी माझ्या टेबलावर आल्या होत्या आणि मी अजून खाली गेले नव्हते.

"पूर्ण पटत नाही," मी म्हणाले. "सध्या एका गोष्टीवरून बिनसलेलं आहे."

घड्याळात पाहिलं, अडीच वाजत आले होते. दुसरी शिफ्ट चढत असणार. मी ड्रॉवरमधून सेफ्टी गॉगलची एक जादा जोडी काढली, त्याच्या हातात दिली आणि दार उघडलं.